काम जिथं गेलं तिथं तू गेलास

अण्णा,

मला भीती वाटते. हे वाक्य मी आजवर फक्त तुझ्यासमोर मोठ्यानं बोलले होते. आता तू वळसंगच्या मळ्यात आहेस. आपल्या रीतीप्रमाणं तुला मांडी घालून बसवलं, कपाळभर विभूती लावली, बेलाची पानं वाहिली आणि माती लोटली. तुझे वडील, माझे दोड्डप्पा, काठावर उभे राहून माती लोटणाऱ्यांना सारखे म्हणत होते, "सावकाश रे, सावकाश. लई दमलंय माझं लेकरू." तेव्हापासून डोळा लागला की मी दचकून उठते. कुणीतरी रेडिओवर मला हाक मारतंय, कधीपासून मारतंय, आणि मी उत्तर दिलेलं नाही, असं वाटतं.

पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या. अनुभवी वैमानिक, सोलापूरचे सुपुत्र, अल्पशा आजारानं. आजार कसला होता, अण्णा? मला तरी माहीत नव्हता.

लोकांना सांगताना मी तुला चुलतभाऊ म्हणते, पण आपण एकाच ताटात जेवून मोठे झालो. होटगी रोडवर विमानतळाच्या तारेच्या कुंपणाला नाक लावून आपण तासन्‌तास उभे राहायचो. तेव्हा तिथं विमान उतरणं म्हणजे नवल होतं. बहुतेक वेळा आपण रिकामी धावपट्टी बघून परत यायचो आणि तरीही तू खूश असायचास. तू पायलट झालास तेव्हा दोड्डप्पांनी बाजार समितीतल्या आडत दुकानासमोर बसून येईल त्याच्या हातावर शेंगापोळी ठेवली. पुढं मी त्याच वाटेनं निघाले तेव्हा घरात नको म्हणणारे पुष्कळ होते. तू एकटाच मधे पडलास. ट्रेनिंगच्या काळात रोज फोन करायचास आणि पहिला प्रश्न कानडीतच असायचा, "ऊटा आय्ता, पुट्टी?" जेवलीस का, पोरी? मी जेवले म्हणाले की मगच अभ्यासाचं विचारायचास.

आणि मग मला नोकरी लागली, आणि आपलं बिनसलं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा लिहून ठेवते. तू मोठ्या कंपनीत होतास, तिथल्या वैमानिकांच्या युनियनचा सेक्रेटरी होतास. मोठ्या कंपनीनं ठरवलं की लहान गावांची उड्डाणं, पंख्याची विमानं, आता एका लहान कंपनीकडून चालवून घ्यायची. विमानाच्या शेपटीवर रंग तोच, तिकिटावर नाव तेच. प्रवाशाला काही कळत नाही. फक्त पुढं बसलेली माणसं दुसऱ्याची. त्यांना पगार कमी, विश्रांती कमी, आणि त्यांच्यासाठी भांडणारं कुणी नाही. मी त्या लहान कंपनीत लागले.

संक्रांतीला सगळे घरी जमले होते. गड्ड्याच्या यात्रेला जायची पोरांची घाई चालली होती आणि आपण अजून पानावरच होतो. कंपनीचं नाव ऐकून तू हातातली भाकरी खाली ठेवलीस.

"म्हणजे आमचं काम आता तू करणार."

"कुणीतरी करणारच आहे, अण्णा. तुमच्याकडं भरती बंद. मी काय घरी बसू?"

"घरी बस म्हणत नाही. पण तुला का घेतलं, हे कळतंय का? तुझ्या मागं कुणी उभं नाही, म्हणून घेतलं."

"मग तुम्ही राहा की उभे. एवढी मोठी युनियन आहे तुमची."

दोड्डप्पा आपल्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. शेवटी म्हणाले, "अरं, दोघंबी इमानच चालवताय न्हवं? मग भांडताय कशापायी?" सगळे हसले. आपण दोघं हसलो नाही.

थोड्याच काळात तुमच्या युनियननं मोठ्या कंपनीशी करार केला. आत असलेल्यांच्या नोकऱ्या शाबूत, मोठी विमानं त्यांची, आणि लहान विमानं बाहेर जायला युनियनची हरकत नाही. त्यावर तुझीही सही होती. मी तुला फोन केला आणि म्हणाले, "तुम्ही तुमचं दार लावून घेतलंत आणि आम्हाला बाहेर ठेवलंत." तू म्हणालास, "हे फोनवर बोलायचं नाही. समोर भेटलो की बोलू." त्यानंतर आपण किती वेळा समोर भेटलो, अण्णा. एकाच कॉकपिटमध्ये खांद्याला खांदा लावून बसलो. ते बोलणं झालंच नाही. तू मनाविरुद्ध सही केलीस, की तुला तेव्हा ते बरोबर वाटत होतं? मळ्यात आलेल्या तुझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी विचारलं. एकानं मान हलवली, एकानं डोळे पुसले.

त्या करारात तुझं स्वतःचं विमानही गेलं. तू पंख्याच्या विमानाचाच कॅप्टन होतास. जेटच्या ट्रेनिंगच्या यादीत तुझं नाव होतं, पण ते दर वेळी पुढं ढकललं जायचं. युनियनचा माणूस, थांब म्हटलं की थांबेल, असं त्यांना वाटलं असावं. मग एका सकाळी सोलापूरच्या विमानतळावर मी ड्युटीला आले तर आमच्या कंपनीचा गणवेश घालून तू दारात उभा. लोक म्हणत होते, कॅप्टन हरला. मी म्हणाले, "अण्णा, हे काय?"

"काम जिथं गेलं तिथं गेलो," तू म्हणालास. "चल, हवामान बघू."

त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी तुला सांगितला नाही. माझ्या मागं आता कुणीतरी उभं आहे, असं मला नोकरीत पहिल्यांदा वाटलं.

मग तो दुपारनंतरचा फेरा. मी सहवैमानिक, तू कॅप्टन. पहाटेपासून आपण चढत-उतरत होतो, आणि आदल्या दिवशीही तेच केलं होतं. कागदावर सगळं नियमात बसत होतं. ऊन समोरच्या काचेतून थेट तोंडावर येत होतं. तू म्हणालास, "पुट्टी, काहीतरी बोलत राहा." मी मंद्रूपच्या मावशीच्या घरच्या लग्नाचं सांगायला लागले. कुणी काय नेसलं होतं, कुणाचं कुणाशी वाजलं. आणि पुढं मला आठवत नाही.

मला जाग आली ती कंट्रोलरच्या आवाजानं. तो आपल्या विमानाचा नंबर पुकारत होता, आणि त्याचा आवाज असा चढला होता की हे पहिल्यांदा नव्हे हे लगेच कळलं. मी तुझ्याकडं बघितलं. तुझी मान छातीवर होती. मी तुझा दंड धरून हलवला. तू डोळे उघडलेस, एका झटक्यात सगळ्या घड्याळांवरून नजर फिरवलीस आणि अगदी शांत आवाजात कंट्रोलरला उत्तर दिलंस. उंची बरोबर होती, दिशा बरोबर होती. विमान आपलं आपण चाललं होतं. मागं माणसं चहा पीत होती, कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"किती वेळ?" तू विचारलंस.

"माहीत नाही."

"मलाही नाही."

उतरेपर्यंत आपण कामापुरतंच बोललो. सोलापूरला विमान थांबलं. तू खुर्चीतूनच ऑपरेशन्सला, म्हणजे कंपनीच्या उड्डाणांची आणि ड्युट्यांची आखणी करणाऱ्या विभागाला, फोन लावलास. "पुढचं विमान मी नेणार नाही. आम्ही दोघंही वरती झोपलो होतो. कॅप्टनही आणि सहवैमानिकही."

आम्ही दोघंही. मला न विचारता.

बाहेर गोंधळ झाला. एक सफारीवाले गृहस्थ आपली मीटिंग बुडाल्याबद्दल मोठमोठ्यानं सुनावत होते. मंद्रूपकडचे एक आजोबा आपल्या बायकोला दवाखान्यात न्यायला निघाले होते. ते घाबरून तुझ्याजवळ आले. "सायेब, खरं सांगा. इमानात काय बिघडलंय व्हय?"

"इमान ठीक हाय, आजोबा. मी बिघडलोय."

त्यांना पटलं नाही. ते तुझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग बायकोला म्हणाले, "चल गं, आपण यष्टीनं जाऊ." ते पिशव्या उचलून उन्हातून फाटकाकडं चालत गेले आणि तू ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिलास.

घरी आल्यावर मी तुला जे बोलले ते बोलले. "लढाई तुझी आहे, लायसन माझं का पणाला लावतोस? तुझं सगळं करून झालंय. माझं आत्ता कुठं सुरू होतंय. एकदा विचारायचं तरी होतंस!"

"मागं माणसं बसली होती, पुट्टी."

"म्हणून मला विचारायचं नाही?"

अण्णा, तू केलंस ते बरोबर होतं. तरीही मला विचारायला हवं होतंस. या दोन्ही गोष्टी मला आजही तितक्याच खऱ्या वाटतात. तू असतास तर यावरून आपण अजून वर्षानुवर्षं भांडलो असतो. ते भांडण मला हवं होतं.

माझी कॅप्टनची बढती अडली, नंतर कधीतरी मिळाली. तुला बेंगळुरूला टाकलं. घरापासून लांब, आज पहाटेची ड्युटी तर उद्या रात्रीची. तक्रार करण्यासारखं त्यात काही लिहिलेलं नव्हतं. तू तिथंही माणसं जमवायला लागलास. माझी ड्युटी तिकडं लागली तेव्हा तू मला एका वैमानिकाच्या घरी बैठकीला नेलंस. सगळ्यांनी फोन बंद करून बाहेरच्या खोलीत ठेवले. रोज शेकडो माणसांना घेऊन ढगातून जाणारे लोक, आणि जिन्यात पाऊल वाजलं की बोलणं थांबवत होते. तू युनियनचं काही बोललाच नाहीस. म्हणालास, "एकच वाक्य म्हणायचं. मी थकलोय, आज मी उडणार नाही. इथं, आपल्यातच म्हणून बघू." एक जण हसला. एकानं सुरुवात केली आणि मधेच थांबून पाणी मागितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

आता ती सकाळ.

मीही बेंगळुरूत होते, दुसऱ्या हॉटेलात, स्टँडबायवर, म्हणजे कुणी आलं नाही तर त्याच्या जागी जायचं. ऑपरेशन्सचा फोन आला. "कॅप्टन मॅडम, लगेच निघा. सोलापूरचं विमान आहे. ठरलेल्या कॅप्टनना बरं नाही."

"कोण आहे?" मी विचारलं. गाडी खाली येतेय, असं आधी सांगितलं. मग तुझं नाव.

"काय झालंय त्याला?"

"पोटाचं काहीतरी. विशेष नाही. तुम्ही निघा."

मी तुला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. झोपला असेल, असं वाटलं. खरं सांगू? मला बरं वाटलं. शेवटी माझ्या अण्णानं ते वाक्य म्हटलं आणि आज तो निवांत झोपलाय. सहवैमानिकाला मी म्हणालेसुद्धा, "आज आमच्या भावाच्या खुर्चीत बसतेय, जपून चालवायला पाहिजे." तो हसला नाही. तो सारखा काचेबाहेर बघत होता. त्याच्या कानावर कुजबुज आली होती, हे मला नंतर समजलं.

सोलापूर स्वच्छ होतं. मी छान उतरवलं विमान, अण्णा. तुला आवडलं असतं. सगळे प्रवासी उतरून गेल्यावर स्टेशन मॅनेजर आत आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला. त्याच्या मागं, शिडीच्या पायथ्याशी, माझे वडील होते. त्यांना आत कसं सोडलं, असा मूर्ख प्रश्न मला पडला. सुवर्णावहिनीला हॉटेलातून फोन आला होता. मी विमान सुरू करायच्या कितीतरी आधी आला होता. पहाटे गाडी न्यायला आली, तू खाली आला नाहीस, दार उघडलं, तू पलंगावर कुशीवर होतास. गणवेशाचा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीला लावलेला होता.

त्यांना माहीत होतं. मला विमानात बसवताना त्यांना माहीत होतं.

मी तिथूनच ऑपरेशन्सला फोन केला. पलीकडच्या माणसाचा आवाज वाईट नव्हता, उलट मऊच होता. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला सांगितलं असतं तर विमान थांबलं असतं." आणि मग, माझ्या कानावर माझा विश्वास बसेना, त्यानं विचारलं, "परतीचं नेता येईल का?"

मी नाही म्हणाले. कारण विचारलं. माझा भाऊ गेलाय म्हणाले. तो म्हणाला, हो, पण नोंद कशाखाली करू? मी फोन वडिलांच्या हातात दिला आणि शिडीवरच बसले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. थकवा म्हणून कुणी मरत नाही, असंही एक जण म्हणाला. असेल. आपल्या आजोबांचंही असंच अचानक झालं होतं. कामानं तुझा जीव घेतला, असं मी शपथेवर म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही. पण ज्याची खुर्ची तो माणूस गेलाय, हे त्याच्या बहिणीपासून लपवून तिला त्याच खुर्चीत बसवता येतं, एवढं मला कळलं. मला भीती त्याची वाटते. ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे. ते फक्त विमान वेळेवर सोडत होते.

मळ्यात दोन्ही कंपन्यांचे लोक आले होते. सुरुवातीला ते वेगवेगळे उभे राहिले, तुझे जुने लोक चिंचेखाली आणि आमचे विहिरीकडं. दोड्डप्पांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी जवळ दिसला त्याच्या हातात फावडं दिलं, मग त्याच्या शेजारच्याच्या. दोन्हीकडच्यांनी आळीपाळीनं माती लोटली. माघारी जाताना तुझ्या जुन्या युनियनचे अध्यक्ष मला म्हणाले, "तुमचे लोक आमच्यात यायला तयार असतील तर आता आम्ही दार उघडू." मी म्हणाले, "आता?" मी आणखी बोलणार होते, पण वहिनीनं माझा हात दाबला.

नंतर मला मुख्य कार्यालयात बोलावलं. लांब टेबल, पलीकडं चार माणसं, अलीकडं मी. त्यांना माझ्याकडून एवढंच ऐकायचं होतं की त्या सकाळी नीट समजलं नव्हतं, गैरसमज झाला. मी म्हणाले, "गैरसमज नव्हता. तुम्हाला माहीत होतं." एकानं चष्मा काढून पुसला. चौकशी संपेपर्यंत मला उड्डाणांपासून दूर ठेवलंय. कुठल्याही कर्मचाऱ्याशी कामाबद्दल बोलायचं नाही, अशी ताकीद आहे. बोललेलं आढळलं तर पुन्हा बोलावणार नाहीत, सरळ काढतील.

म्हणून मी सोलापुरातच आहे. दोड्डप्पांजवळ बसते. त्यांना माझी नोकरी अडकल्याचं सांगितलेलं नाही. ते विचारतात, "आज सुट्टी हाय व्हय?" मी व्हय म्हणते. विमानाचा आवाज आला की ते वर बघतात, मी बघत नाही.

आज सकाळी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. बोलणारे गृहस्थ वयानं मोठे वाटले. म्हणाले, "आपण कधी भेटलो नाही. मी तुमच्याच कंपनीत कॅप्टन आहे, पूर्वेकडच्या तळावर. तुमच्या भावाबद्दल ऐकलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला आज विमान न्यायचं आहे आणि माझी झोप झालेली नाही. सलग तिसरा दिवस. काल उतरताना मला धावपट्ट्या दोन दिसल्या. पण सांगायचं धाडस होत नाही. कुणीतरी ऐकत असलं तर होईल, असं वाटलं."

मला ताकीद आठवली. वहिनीची दोन मुलं आठवली, मी त्यांचं सगळं बघेन असं तिला सांगितलंय तेही.

"लावा त्यांना," मी म्हणाले. "मी लाइनवर थांबते."

त्यांनी ऑपरेशन्सला जोडून घेतलं. रिंग वाजली, कुणीतरी उचललं. ते गृहस्थ आधी नमस्कार म्हणाले, उगाच हवामानाचं विचारलं. मग एकदम म्हणाले, "मी थकलोय. आज मी उडणार नाही."

पलीकडं मागं टाइप करण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. मग तोच मऊ आवाज आला, "कॅप्टन, लाइनवर आणखी कोण आहे?"

अण्णा, मी माझं पूर्ण नाव सांगितलं.